पलंगाला लागून ठेवायचा पाळणा: नवजात लेकरासाठी कसा निवडावा?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मला आठवा महिना सुरू आहे आणि पहिलेच बाळंतपण असल्यामुळे पुढच्या आठवड्यात मी छत्रपती संभाजीनगरहून परभणीला माहेरी जाणार आहे. तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली असल्याने लेकराचे पहिले दोन महिने ऐन उन्हाळ्यात जातील, आणि त्याला रात्री झोपवायचे कुठे या एका प्रश्नावरून आमच्या दोन्ही घरांत सध्या तीन पक्ष पडले आहेत.

आईचे म्हणणे असे की मी आणि माझे दोन्ही भाऊ ज्या कडीला टांगलेल्या झोळीत वाढलो ती कडी मधल्या खोलीत अजून शाबूत आहे, तेव्हा वेगळ्या खर्चाची गरजच नाही. सासूबाईंच्या मते निदान सव्वा महिना तरी लेकरू आईच्या कुशीतच हवे. नवरोबांनी मात्र पलंगाला लावायचा पाळणा पाहून ठेवला आहे. त्याच्या तीन बाजूंना जाळी असते आणि चौथी बाजू खाली करून तो आपल्या गादीला भिडवता येतो. मला स्वतःला तो पटतो, कारण टाके ओले असताना दूध पाजण्यासाठी दर दोन तासांनी पलंगावरून उतरावे लागू नये असेही वाटते आणि झोपेत माझा हात लेकराच्या तोंडावर पडेल अशी धास्तीही वाटते.

ज्यांनी असा पाळणा वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे की घेताना नेमके काय पाहावे, लाकडी बरा की जाळीचा, तो किती महिने पुरतो, आणि माहेरच्या पलंगाला बसलेला पाळणा सासरच्या पलंगालाही बसतो का.

तूरडाळ
अभिनंदन, आणि काळजी घ्या. पाळण्याचा रंग आणि किंमत पाहण्याआधी आईंना फोन करून एवढेच विचारा की परभणीच्या पलंगाखाली झाडू जातो का.

हसू नका, याच कारणाने आमचे हसे झाले होते. लातूरला आमच्याकडे खालपर्यंत बंद असलेला, आत गाद्या आणि वाकळा भरून ठेवायचा पेटीचा पलंग होता. या पाळण्यांचे पाय बहुधा असे असतात की त्यांचा आडवा भाग पलंगाखाली सरकला तरच पाळणा गादीला भिडतो. आमचा पाळणा आला, दीड तास खपून जोडला, आणि पेटीला अडून पलंगापासून चांगला वीतभर लांब उभा राहिला. त्या वीतभर फटीत पहिल्याच रात्री माझी उशी पडली, आणि उशीच्या जागी काय असू शकले असते हा विचार मनात आल्यावर मी पाळणा तिथून हलवला. काही पाळण्यांचे पाय आत दुमडता येतात; तसा मिळत असेल तर पेटीच्या पलंगालाही चालतो.

दुसरे म्हणजे उंची मोजून घ्या, आणि ती पलंगावर कोणीतरी बसलेले असताना घ्या. कापसाची गादी माणूस बसला की दोन इंच दबते, आणि रिकाम्या पलंगावर घेतलेले माप रात्री खोटे ठरते.

अर्धाकप
तुमच्याकडे वीतभर फट राहिली, आमच्याकडे पाळणा इतका नीट बसला की वडिलांची जागाच गेली. ते आता बैठकीत कूलरसमोर झोपतात आणि याला लेकरासाठी केलेला त्याग असे म्हणतात.

माळवद
मी निवृत्त शिक्षक असून औसा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वयाने मोठा असल्यामुळे थोडे विरुद्ध बोलतो, त्याचा राग मानू नये.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात तुळईला लोखंडी कडी होती आणि तिला आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असे. नऊवारी लुगडे वापरून वापरून इतके मऊ झालेले असायचे की उन्हाळ्यात त्यातून वारा आरपार जाई. माझी आई रात्री झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून जमिनीवर निजायची, लेकरू चुळबुळले की झोपेतच पाय हलवायची, आणि दोघेही पुन्हा झोपी जात. त्याला ना माप लागले, ना पट्टे. आम्ही आठ भावंडे त्याच कडीखाली वाढलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ते माळवद बसले; कडी ढिगाऱ्यातून काढून मी अजून जपून ठेवली आहे, परंतु नव्या घराच्या स्लॅबला ती लावायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून माझी नातवंडे बाजारातल्या लोखंडी पाळण्यात वाढली.

परभणीच्या उन्हाळ्यात फोमच्या गादीवर घामाने भिजणाऱ्या लेकरापेक्षा झोळीतले लेकरू सुखी, असे माझे मत आहे. कडी शाबूत असताना हजारो रुपये का घालवावेत?

इरकल_काठ
माळवद सर, अंगठ्याला दोरी बांधण्याचे वाचून माझी आजी आठवली. परंतु माझे सिझेरियन झाले होते, आणि पहिले दहा दिवस झोळीतून लेकरू उचलण्यासाठी वाकणे तर सोडाच, कुशीवर वळतानाही टाक्यांवर उशी दाबून धरावी लागत होती. त्या दिवसांत पलंगालगतच्या पाळण्याने मला खरोखर तारले. हात लांब केला की लेकरू छातीशी, पाजून झाले की तसेच सरकवून परत.

आता तक्रार. आम्ही मागवलेल्या पाळण्यासोबत पलंगाला बांधायचे दोन पट्टे यायला हवे होते, त्यांतला एकच आला. दुसरा पाठवतो म्हणून विक्रेत्याने तीन आठवडे झुलवले. आम्ही एकाच पट्ट्यावर निभावून नेले आणि पाचव्या की सहाव्या रात्री मी कोपराने रेटा देऊन उठले तशी पायाकडची बाजू तीन बोटे सरकली. मुलीचा हात त्या फटीत गेला होता. काही झाले नाही, ती रडलीदेखील नाही, मीच रडले. त्या दिवसापासून दुसरा पट्टा येईपर्यंत आम्ही चौथी बाजू वर करून पाळणा नुसता शेजारी ठेवला.

शुभ्रकोट
मी नांदेडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. धाग्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत, ते सोडवून पाहू या. पाळणा कोणता हा दुसरा प्रश्न आहे. लेकरू कसे झोपवावे हा पहिला.

पहिल्या वर्षात, आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत, धडधाकट दिसणारे लेकरू झोपेतच दगावण्याचे प्रकार जगभर घडतात. त्याचे एक कारण अजून कोणी बोट ठेवून सांगू शकलेले नाही, पण धोका कशाने वाढतो हे चांगले ठाऊक आहे. पालथे झोपवणे, मऊ गादी, तोंडाजवळ उशी किंवा पांघरूण, अति उबारा आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर ही त्यांतली मुख्य. अमेरिकेत १९९४ साली लेकरांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये सुधारून दिलेली शिफारस अशी आहे की लेकराने निदान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि कडक गादीवर उताणे झोपावे. पलंगालगतच्या पाळण्याची कल्पना या शिफारशीशी जुळते.

उताणे झोपवले तर उलटी घशात जाईल ही भीती मला दररोज ऐकायला मिळते. लेकरू उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. दूध वर आले तरी ते श्वासनलिकेत शिरण्यासाठी चढावे लागेल. पालथे असताना उलट होते.

माळवद सर, झोळीत वारा खेळतो हे खरेच आहे. माझी हरकत तिच्या आकाराला आहे. नवजात लेकराचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान धरलेली नसते, त्यामुळे झोळीच्या खोलगट पोटात हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका मुडपते. अशा वेळी लेकरू रडत नाही, गप्प होते, आणि आपल्याला वाटते की गाढ झोपले. दिवसा कोणी जागे माणूस समोर बसले असताना अर्धा तास झोळीत घालणे आणि रात्रभर अंधारात तिच्यात ठेवणे या दोन गोष्टींत म्हणूनच फार अंतर आहे. लेकरू थोडे मोठे झाल्यावर घरातली भावंडे झोळीला गरगर फिरवून पीळ देतात, त्यात मान अडकून झालेले अपघातही डॉक्टरांना पाहावे लागले आहेत.

हुरडा
सगळ्यांचा मान राखून माझे मत मांडतो. हा पाळणा घेऊच नका. बहुतेक पाळण्यांवर नऊ किलो वजनाची मर्यादा लिहिलेली असते, परंतु त्याच्या पुष्कळ आधी, म्हणजे लेकरू कुशीवर वळू लागले किंवा हातागुडघ्यांवर उचलले जाऊ लागले की, तो बंद करायला सांगतात. आमचे चिरंजीव साडेचार महिन्यांचे असतानाच वळले. सात हजार रुपये भागिले साडेचार महिने हा हिशेब मी पत्नीला करून दाखवला, तेव्हा तिने मला माझ्या दुचाकीच्या अलॉय चाकांचा हिशेब करून दाखवला. सध्या पाळण्यात कांदे आहेत. जाळीमुळे वारा चांगला लागतो आणि ते सडत नाहीत, एवढे प्रामाणिकपणे सांगतो.

अर्धाकप
कांदे उताणे ठेवले आहेत ना?

माळवद
शुभ्रकोट यांनी सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार. श्वासनलिकेचे मला ठाऊक नव्हते. तरीही मला वाटते की आपण वाढलो ते सगळेच चुकीचे होते असे मानणे बरे नव्हे. आठ भावंडे म्हणजे काही योगायोग नव्हे.

शुभ्रकोट
सर, चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ज्या काळी जमिनीवर विंचू-सापाचे भय होते त्या काळी लेकराला अधांतरी टांगणे हे शहाणपणच होते. परंतु जी लेकरे वाचली त्यांच्यावरूनच झोळीची परीक्षा करता येत नाही, एवढेच नम्रपणे सांगतो.

सुतारपक्षी
जालन्यात आमचे फर्निचरचे दुकान आहे आणि गेल्या काही वर्षांत असे पाळणे आम्ही ऑर्डरप्रमाणे करून दिले आहेत. पेटीच्या पलंगाची अडचण असलेल्यांना सुताराकडून करून घेणे सोपे पडते, कारण पाय पलंगाखाली न नेता पाळण्याच्या चारही कोपऱ्यांना सरळ देता येतात आणि उंची तुमच्या गादीप्रमाणे घेता येते. मात्र सुताराला पुढील गोष्टी आपण होऊन सांगा, नाहीतर तो देव्हाऱ्याच्या मापाने नक्षी काढत बसेल.

उभ्या पट्ट्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवे. शीतपेयाचा साधा डबा त्यातून आरपार गेला तर अंतर जास्त आहे असे समजा. वर कळस, कमळ, खुंटी असे काहीही उभे नको, कपडा किंवा दोरा त्यात अडकतो. तळाला फळीच हवी. नवार किंवा सुंभ विणून दिला तर महिन्याभरात मध्ये झोळ पडतो आणि मग डॉक्टरांनी सांगितलेली हनुवटीची गोष्ट तिथेही लागू होते. गादी पाळण्याच्या आतल्या मापाची घट्ट हवी, कडेला दोन बोटे गेली तर ती लहान आहे. पिंजाऱ्याकडून ताजा कापूस भरून आणलेली फुगीर गादी दिसायला छान दिसते, पण लेकराचे तोंड तिच्यात रुतते. चाके लावलीत तर चारही चाकांना ब्रेक घ्या.

आणि पॉलिश करून घ्यायचे असेल तर निदान महिनाभर आधी. डोळे चुरचुरतील अशा वासाचा पाळणा घेऊन बारशाच्या आदल्या दिवशी गेलेले एक गिऱ्हाईक मला अजून आठवते. तो पाळणा आठ दिवस अंगणात होता आणि बारसे शेजाऱ्यांच्या पाळण्यात झाले.

पुण्यातला_परभणीकर
सुतारपक्षी यांच्या यादीत एक भर घालतो. युरोपात अशा पाळण्यांसाठी ईएन ११३० हे मानक आहे आणि त्याच्या २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे उघडी बाजू खाली केल्यावरही लेकराच्या गादीच्या वर किमान १२० मिलिमीटरची कड शिल्लक राहावी लागते. म्हणजे दोन्ही गाद्या एका पातळीत आणून एकच मोठे अंथरूण करणे हा या पाळण्याचा हेतूच नाही. लेकराची गादी थोडी खाली, मध्ये साधारण पाच इंचांची कड आणि कडेचा माथा आपल्या गादीच्या पातळीला, अशी रचना असावी. आपल्याकडच्या बऱ्याच पाळण्यांत ही कड नसते, तेव्हा सुताराकडून करून घेणार असाल तर आवर्जून ठेवा.

ओळखीच्यांकडून जुना पाळणा मिळत असेल तर तो उताराचा नाही ना, तेही पाहा. डोक्याकडून उंच आणि पायाकडे उतरता असे पाळणे काही वर्षांपूर्वी परदेशातून येणारे नातेवाईक हौसेने आणत असत. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने दहा अंशांपेक्षा जास्त उताराचे पाळणे आणि कडेने बांधायच्या गुबगुबीत लोडांची विक्रीच बंद केली.

सासूबाई_ऑनलाइन
मी सासू आहे आणि मला माझे मत मांडण्याचा अधिकार असावा. लोड नको, उशी नको, पांघरूण नको, मग लेकराच्या डोक्याला आकार कसा यायचा? मोहरीची उशी आम्ही तीन पिढ्या वापरत आलो. माझ्या दोन्ही मुलांची डोकी गोल आहेत.

तूरडाळ
काकू, डोकी गोल आहेत हे मान्य. आतले काय आहे ते सुनांना विचारावे लागेल.

सासूबाई_ऑनलाइन
सूनबाईच मला हा धागा वाचून दाखवत आहे. ती फार हसली.

शुभ्रकोट
काकू, उताणे झोपल्याने डोके मागे थोडे चपटे दिसते, ही तुमची चिंता रास्त आहे. त्यावर उपाय असा की लेकरू जागे असताना, आणि आपण समोर बसलेले असताना, त्याला दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटे पालथे घालावे. मानही धरते आणि डोक्यावरचा दाबही जातो. पुढे लेकरू बसू लागले की बहुतेकांचा आकार आपोआप सुधारतो. मोहरीची उशी झोपेत सरकून नाकाशी येऊ शकते, आणि शिवण उसवली तर मोहरी कुठे जाईल याचा नेम नाही.

वाडीवरची_ताई
मी कळमनुरी तालुक्यात आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आम्हाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे लागते, त्यामुळे लेकरे कुठे झोपतात हे मी आत जाऊन पाहिलेले आहे. सात हजारांचा पाळणा मी एकाच घरी पाहिला, बाकी सगळीकडे बाज आहे आणि एका खोलीत सहा माणसे आहेत. तिथे वेगळा पाळणा घ्या असे सांगून मी काय मिळवणार? म्हणून मी निराळे सांगते. लेकरू भिंतीकडे नको, बाज आणि भिंत यांच्यामध्ये लेकरू सरकते. लेकराच्या एका बाजूला आई असावी, दुसऱ्या बाजूला मोठे भावंड नको. आईच्या अंगावरचे पांघरूण लेकराच्या कमरेच्या वर नको. नवरा दारू पिऊन आला असेल तर त्याने त्या बाजेवर झोपायचे नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगते.

बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात, ती शेगडी पाळण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. कोळशाचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. शेक घ्यायचाच असेल तर दार उघडे ठेवून घ्या आणि झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर काढा. तसेच गळ्यातला काळा दोरा आणि ताईत. माझ्या सांगण्याने बायका तो रात्री काढत नाहीत, पण पायात बांधा म्हटले की ऐकतात.

जन्मताच वजन अडीच किलोच्या आत असलेल्या लेकराला मात्र कुशीत घेऊन झोपू नका, हे मी ठामपणे सांगते. दिवसा, जागेपणी, छातीला उघड्या अंगाने लावून धरा. त्यासारखी ऊब नाही.

गोदाकाठची
ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला दोनदा वाचून दाखवला. आमच्याकडेही शेगडीची तयारी झाली होती, आणि आईने पहिल्यांदाच "दार उघडे ठेवू" असे म्हटले आहे.

तूरडाळ, झाडू जात नाही. पेटीचाच पलंग आहे.

रात्रपाळी
मी वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, त्यामुळे सुट्टीच्या रात्री लेकरू सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. उन्हाळ्याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की जाळीचा पाळणा लाकडी पाळण्यापेक्षा बरा पडतो, कारण बाजूने वारा लागतो. मात्र जाळी ताठ हवी आणि तिच्या आत कापडाचे अस्तर नको. कूलरचा झोत थेट पाळण्यावर येऊ देऊ नका. आम्ही कूलर दाराबाहेर ठेवून समोरची खिडकी उघडी ठेवतो, म्हणजे हवा खोलीतून वाहते आणि दमटपणा साचत नाही. लेकराला उकडते का हे हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहावा. एवढ्या उन्हाळ्यात घरात टोपरे आणि कुंची घालून झोपवण्याचे कारण मला समजलेले नाही.

मच्छरदाणीची अडचण खरी आहे. आपली मोठी मच्छरदाणी पलंगाच्या चार खुंट्यांना बांधली की पाळणा बाहेर राहतो, आणि पाळण्यावर छत्रीसारखी वेगळी ठेवली तर मध्ये हात घालताना प्रत्येक वेळी डास आत येतो. आम्ही पलंग आणि पाळणा दोन्ही मावतील एवढी मोठी मच्छरदाणी छताच्या हुकांना बांधली. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण हुक ढिला असेल तर मच्छरदाणी पंख्याकडे ओढली जाते, हेही पाहून ठेवा.

माळवद
दोन दिवस हा धागा उघडून मी तसाच बंद करत होतो. शुभ्रकोट यांनी जी लेकरे वाचली त्यांच्यावरून परीक्षा करता येत नाही असे लिहिले होते. आम्ही आठ भावंडे होतो असे मी लिहिले. आईला नऊ लेकरे झाली होती. माझ्या पाठचा भाऊ दोन महिन्यांचा असताना एका रात्री गेला. आजारी नव्हता. आई पहाटे उठली तेव्हा दोरी अंगठ्यालाच बांधलेली होती. सटवाईने एवढेच लिहिले होते असे आजी म्हणाली आणि घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. झोळीमुळे गेला असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. केवळ आकडा चुकीचा लिहिला गेला होता, तो दुरुस्त करतो.

शुभ्रकोट
सर, इतक्या वर्षांनंतर कारण कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्या काळी दोन महिन्यांचे लेकरू दगावण्याची कारणे अनेक होती. कृपया झोळीला किंवा आईंना दोष लावून घेऊ नये. तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

इरकल_काठ
सर, नमस्कार करते.

हुरडा
माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण थोडा बदलतो. पाळणा घेऊ नका असे न म्हणता नवा घेऊ नका असे म्हणतो. आमचा पेटीच्या पलंगाला चालणारा, दुमडत्या पायांचा आहे, दोन्ही पट्टे शाबूत आहेत आणि जोडणीची पुस्तिकाही आहे. गोदाकाठची, तुम्ही संभाजीनगरच्या असाल तर घेऊन जा. कांदे काढून, धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून देतो. पैसे नकोत. पत्नीने हे लिहायला सांगितले आहे.

पुण्यातला_परभणीकर
घेण्याआधी प्रत्येक खिट्टी लावून, दोन्ही हातांनी वरून दाबून पाहा. जुन्या पाळण्यात स्क्रू गेला की लोक हाताशी असेल तो बसवतात. आणि गादी मात्र नवीन करा. एका लेकराच्या पाठीने पडलेला खळगा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

अर्धाकप
आणि कांद्याचा वास गेला नाही तर लेकरू पहिल्यापासून मराठवाड्याचे होईल.

गोदाकाठची
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तारखेच्या अकरा दिवस आधीच लेकरू आले. मुलगी आहे, दोन किलो आठशे ग्रॅम, आणि सिझेरियन झाले नाही.

आम्ही हुरडा यांचा पाळणा आणला. नवऱ्याने प्रत्येक स्क्रू मोजला, एक कमी निघाला, तो जालन्याहून येताना सुतारपक्षी यांच्या दुकानातून घेतला. गादी नवीन केली. परभणीच्या पलंगावर आई बसलेली असताना उंची मोजली, ती एकवीस इंच भरली, आणि पाळण्याची कड त्याच पातळीला आणली. पहिल्या तीन रात्री मी झोपले नाही, हात पाळण्यात ठेवून तिचे पोट वरखाली होते का ते पाहत राहिले. चौथ्या रात्री मला झोप लागली आणि जाग आली तेव्हा आई पलीकडे बसून तेच पाहत होती.

झोळीचे असे ठरले की ती मधल्या खोलीतच राहील. दुपारी आई तिला मांडीजवळ घेऊन बसते आणि पाच-दहा मिनिटे झोके देते, पण मुलीचा डोळा लागला की उचलून पाळण्यात ठेवते. सासूबाई बारशाला आल्या होत्या. त्यांनी पाळण्याकडे बराच वेळ पाहिले, पट्टा ओढून पाहिला आणि विचारले की हा सैल झाला तर कोणाला कळणार. तेव्हापासून रोज रात्री दिवे मालवण्याआधी पट्टा ओढून पाहण्याचे काम वडिलांकडे आहे.

सुतारपक्षी, एक विचारायचे राहिले. जूनअखेर आम्ही संभाजीनगरला परतू, तिथला पलंग पेटीचा नाही पण गादी साडेअठरा इंचांवर आहे आणि पाळण्याची सर्वांत खालची खाच वीस इंचांची आहे. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले तर चालतील, की तेही सरकतील?

सुतारपक्षी
सुटे ठोकळे देऊ नका, ते सरकतात. पलंगाचे पाय आत बसतील अशा खाचेच्या वाट्या मी शिसवीच्या करून देतो, दीड इंचाच्या, चार नग. पायाची जाडी मोजून कळवा, आणि मोजताना पलंगावर कोणालातरी बसवा.